अ‍ॅनिमोनला रोज कोळंबी नको हो!

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या समुद्री टँकवर पानभर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा खूश होऊन, कारण मराठी पेपरात फिश टँक म्हटलं की अरोवाना, फ्लॉवरहॉर्न आणि कुठल्या दिशेला ठेवला की पैसा येतो यापलीकडे गाडी सहसा जात नाही. दुसऱ्यांदा मात्र कपाळाला हात लावला. त्या पानावर खाली उजवीकडे अ‍ॅनिमोनची चौकट होती, आणि त्यात लिहिलंय की हे समुद्रातलं फूल आहे, क्लाउनफिशची, म्हणजे त्या केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची, जोडी आणली की त्यांच्या घरासाठी हे पण सोबत आणायचं, आणि रोज एक कोळंबी टाकली की झपाट्याने मोठं होतं. तीन ओळी आणि तिन्ही चूक. राग नाही हो, पण ती चौकट वाचून या शनिवारी कोणीतरी दुकानात जाणार, आणि पुढे काय होणार ते मला तोंडपाठ आहे, कारण मी स्वतः तेच केलं होतं.

मी डोंबिवलीत राहते, बँकेत आहे. हॉलमध्ये आठ वर्षांपासून तीन फुटी समुद्री टँक आहे, साधारण १९० लिटरचा. पहिल्या वर्षी, टँक लावून जेमतेम पाच आठवडे झाले असतील, मी एक पांढराशुभ्र, टोकांना जांभळी छटा असलेला अ‍ॅनिमोन आणला. दुकानदाराने पिशवी बांधता बांधता सांगितलं, मॅडम एकदम सोपं आहे, रोज एक कोळंबी. मी पडले कोकणातली, आमच्याकडे पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, तर रोज संध्याकाळी सोललेली अख्खी कोळंबी. तो घ्यायचा, मिटायचा, मला वाटायचं वा काय छान जेवतोय, आणि रात्री लाइट बंद झाल्यावर अर्धवट शेंबडासारखी झालेली तीच कोळंबी बाहेर टाकून द्यायचा, ती दगडामागे जाऊन सडायची आणि मला पत्ताच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचं तोंड उघडंच राहायला लागलं, मला वाटलं भूक लागली असेल. (हसू नका.) मग एका सकाळी उठले तर टँकचं पाणी ताकासारखं, हॉलभर वास, आणि अ‍ॅनिमोन भिजलेल्या साबणासारखा दगडावरून ओघळलेला. मेलेला अ‍ॅनिमोन काही तासांत कुजतो, अमोनिया एकदम चढतो आणि बाकीच्यांना पण घेऊन जातो. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प (टँकमध्ये पाळतात ती जिवंत कोळंबी), सगळे गेले. मुलगी तेव्हा चौथीत होती, दप्तर पाठीला लावता लावता तिने एवढंच विचारलं, आई तू त्याला जास्त भरवलंस का. दुकानदाराला जे कळलं नाही ते तिला बघून बघून कळलं होतं.

तर पहिली गोष्ट, अ‍ॅनिमोन फूल नाही. आपल्याकडे समुद्रफूल म्हणतात, नाव गोड आहे, पण तो प्राणी आहे, जेलीफिश आणि कोरलचा भाऊबंद. पाकळ्या वाटतात त्या सोंडा, त्यात डंख मारणाऱ्या बारीक पेशी, मधोमध तोंड, आणि जे खाल्लं त्यातलं उरलेलं त्याच तोंडातून परत बाहेर येतं, मागचं दार नाहीच. त्यामुळे मोठा घास आत अडकला, पचायच्या आधी सडायला लागला, तर त्याची सुटका नाही.

आणि गंमत म्हणजे त्याचं मुख्य जेवण तुम्ही टाकता ते नाहीच. क्लाउनफिश ज्या दहा जातींच्या अ‍ॅनिमोनमध्ये राहतात त्या सगळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा अ‍ॅनिमोनला देतं, जागेचं भाडं म्हणा. क्लाउनफिशचं पण फुकट नसतं, त्याची घाण त्या शैवालाला खत म्हणून लागते, आणि रात्री तो सोंडांत लोळत राहतो त्याने अ‍ॅनिमोनच्या अंगावरून पाणी खेळतं राहतं. म्हणजे घरात जसा एकाचा पगार, एकाचं भाडं आणि एकाचा हातभार असा संसार चालतो तसं आहे ते. निरोगी अ‍ॅनिमोन बहुतेक वेळा तपकिरी, मातकट, हिरवट दिसतो तो या शैवालामुळे. पांढराशुभ्र म्हणजे शैवाल निघून गेलेला, म्हणजे उपाशी. मी देखणा म्हणून आणला तो मुळात आजारी होता, आणि त्यावर मी कोळंबीचा मारा केला.

इथेच एक विचारते, तुमच्या चौकटीत जो लिंबासारखा पिवळाधमक अ‍ॅनिमोन छापलाय तो फोटो कुठून आला? क्वचित नैसर्गिक पिवळे असतात, नाही असं नाही, पण दुकानात मिळणारे तसले भडक पिवळे आणि गुलाबी बहुतेक रंगवलेले असतात, पांढऱ्या पडलेल्याला डायमध्ये बुडवून. हा उद्योग जगभर चालतो. काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि बऱ्याचदा तोपर्यंत अ‍ॅनिमोनच उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पैसे कोळंबीवर नाही लाइटवर घाला. रोज आठ-दहा तास चांगला रीफ लाइट (कोरलच्या टँकसाठी मिळतो तो), पाणी २४ ते २७ डिग्री, खारटपणा घनतेच्या मापात १.०२५ च्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि ते मीठ समुद्री टँकचं, स्वयंपाकाचं नाही. पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी लोक वापरतात, ते शून्य नसतं, मीटर लावून बघा. मे महिन्यात डोंबिवलीत टँकचं पाणी बघता बघता ३१-३२ ला जातं, त्यामुळे चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, हा चोचला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची कोरल पांढरी पडली ती समुद्र तापल्यामुळेच, आणि अ‍ॅनिमोनचंही तापलेल्या पाण्यात तेच होतं, मग तो समुद्रात असो की आमच्या हॉलमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टँक जुना हवा. सहा महिने तरी, वर्ष असेल तर उत्तम. पाच आठवड्यांचा टँक म्हणजे ओल्या सिमेंटच्या घरात बाळंतीण आणून ठेवण्यासारखं आहे.

मग खायला घालायचंच नाही का? घालायचं, पण हात आखडता. माझी पद्धत सांगते. आमच्या बाजारातल्या कोळीण मावशीकडून करंदी (बारीक कोळंबी) घ्यायची, ताजी. मावशी पहिल्यांदा म्हणाली एवढीशी करंदी घेऊन काय करणार गो, चार माणसांना चटणी पण नाय व्हायची. घरी आणली की सोलून, स्वच्छ पाण्यात धुवून, वाटाण्याएवढे तुकडे करून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवायची, आणि हे सगळं मीठ-हळद लावायच्या आधी, कारण एकदा नवऱ्याने मदत म्हणून सगळ्याच करंदीला प्रेमाने हळद चोळून ठेवली होती. मधूनमधून करंदीऐवजी तिसऱ्यांचं मांस किंवा माकूळ, एकच एक प्रकार वर्षभर नको. चिकन, बोकडाची कलेजी असलं अजिबात नाही, घालणारे लोक आहेत म्हणून लिहावं लागतं. आणि बाजारातल्या गोड्या पाण्यातले छोटे जिवंत मासे टाकायचा एक क्रूर प्रकार आहे तो पण नको, त्यांची चरबी याला मानवत नाही आणि बघवत पण नाही.

आठवड्यातून दोनदा, आमच्याकडे बुधवार आणि रविवार. आधी बाकीच्या माशांना खायला द्यायचं म्हणजे ते मध्ये येत नाहीत, मग वेव्हमेकर (पाणी खेळवणारा पंप) दहा मिनिटं बंद, लांब चिमट्याने एक तुकडा सोंडांवर तोंडाच्या जवळ अलगद ठेवायचा, ढकलायचा नाही. सोंडा आपोआप आत वळतात, तोंड हळूच उघडतं, आणि पाच-सात मिनिटांत तुकडा गायब. हे मी इतकी वर्षं बघतेय, अजून दर वेळी चहा थंड होतो. श्रिम्प असेल तर राखण करा, तो चोर आहे, अ‍ॅनिमोनच्या पोटात पाय घालून घास ओढून काढतो आणि त्यात आतली नाजूक कातडी फाटते. नवीन आणलेल्याला पहिले चार-पाच दिवस काही द्यायचं नाही, आधी दगडाला पाय (खालचा चिकटणारा भाग) रोवू दे. पांढरा पडलेला कोणाच्या गळ्यात पडलाच असेल तर त्याला मात्र अगदी बारीक तुकडे जरा जास्त वेळा, आणि लाइट एकदम नाही, हळूहळू वाढवत.

श्रावणाचा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी येतो. घरात मासे बंद आणि फ्रीजरमध्ये करंदीचा डबा. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, त्याला श्रावण नाही का, एक महिना शैवालावर राहू दे. मला हसू आलं पण खरं सांगू का, त्या चुकीच्या नव्हत्या, चांगला लाइट असेल तर महिनाभर हाताने न भरवता तो सहज राहतो, वाढ मंदावते इतकंच. आता त्यांनीच फ्रीजरचा खालचा कप्पा वेगळा करून दिलाय. तसंही १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी करंदी महाग होते, त्यामुळे माझा साठा मे महिन्यातच झालेला असतो.

रोज भरवायचा आग्रह धरणाऱ्यांना मी ग्रॅनीची गोष्ट सांगते. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल नावाच्या निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या खडकावरून एक लहानसा लाल अ‍ॅनिमोन आणून काचेच्या बरणीत ठेवला. लाइट नाही, पंप नाही, पाण्यातली घाण काढणारा स्किमर नाही, बरणीतलं समुद्राचं पाणी बदलत राहायचं एवढंच. डॅलिएल १८५१ मध्ये वारले, अ‍ॅनिमोन जिवंत. मग ती बरणी एडिंबरोत एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आणि तिला नाव पडलं ग्रॅनी, आजीबाई. आजी गेली १८८७ मध्ये, म्हणजे बरणीतच ५९ वर्षं, मधल्या काळात शेकडो पिल्लं दिली, आणि गेली तेव्हा द स्कॉट्समन पेपरने तिचा मृत्युलेख छापला. अ‍ॅनिमोनचा मृत्युलेख! संपादक महाराज, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. तिचा खुराक काय होता, तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धी शिंपली. त्या जातीत शैवाल नसतं, म्हणजे वरकमाई शून्य, जे काय पोटात जाईल ते हातानेच भरवलेलं, तरी अर्ध्या शिंपलीवर आजी ५९ वर्षं. थंड पाण्यात भूक कमी लागते हे मान्य, पण रोज अख्खी कोळंबी कुठे आणि हे कुठे.

आता वाढीचं. पहिल्या प्रकरणानंतर मी दीड वर्ष अ‍ॅनिमोनचं नाव काढलं नाही. मग पुण्याच्या एका हॉबीवाल्याकडून बबल टिप (सोंडांच्या टोकांना फुगे असलेली जात) आणला, त्याच्या टँकमध्ये फुटून झालेलं पिल्लू, वाटीएवढं, थर्मोकोलच्या डब्यात पिशवी ठेवून मांडीवर घेऊन पुणे ते कल्याण ट्रेनने. शेजारच्या बाईंनी विचारलं काय आहे, मी म्हटलं रोप. खोटं बोलले, पण प्राणी म्हटलं असतं तर कल्याणपर्यंत उत्तरं देत बसले असते. घरी तो पहिले तीन दिवस टँकभर फिरला. हो, अ‍ॅनिमोन चालतात, आणि रात्री चालतात, त्यामुळे प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावलीच पाहिजे, वेव्हमेकरमध्ये गेला की त्याची कोशिंबीर आणि टँकची वाट. शेवटी डावीकडच्या दगडाच्या फटीत पाय घातला तो आजतागायत तिथेच आहे. तिथून उपटायचा प्रयत्न कधी करायचा नाही, पाय फाटला की संपलं.

बुधवार-रविवारच्या वाटाण्यावर तो वाटीचा ताटली झाला, साधारण वर्ष-सव्वा वर्ष लागलं. मध्ये सोंडांच्या टोकांचे फुगे गेले, साध्या दोऱ्यासारख्या झाल्या, मी परत घाबरले, पण ते येतात जातात, खाणंपिणं नीट असेल तर त्यात काही नाही. अधूनमधून तो हवा गेलेल्या फुग्यासारखा बसतो ते पण तसंच, आतलं जुनं पाणी टाकून नवीन भरतोय, काही तासांत उठून बसतो. घाबरायचं कधी, तर तोंड आ वासून राहिलं, सोंडा चिमट्याला चिकटेनाशा झाल्या, आणि पाय दगड सोडून लोंबायला लागला तर.

मग एका दिवाळीत, मी करंज्या लाटतेय, मुलगी ओरडत आली, आई तो फाटतोय. बघते तर अ‍ॅनिमोन दोन दिशांना ताणलेला, अर्धा या दगडाला अर्धा त्या दगडाला, मध्ये ओढलेल्या कणकेसारखी पट्टी. पहिल्या प्रकरणाची आठवण होऊन माझ्या पोटात गोळा. पण हीच त्याची वाढायची पद्धत, एकाचे दोन. संध्याकाळपर्यंत दोन तुकडे झाले, दोघांच्या वाट्याला अर्धं अर्धं तोंड, आठवडाभर दोघंही मिटून बसले, मी काही खायला दिलं नाही, आणि दहा-बारा दिवसांनी दोन गोल, पूर्ण अ‍ॅनिमोन. आज त्या एकाचे माझ्याकडे तीन आहेत आणि पाच ओळखीच्यांकडे गेलेत. काही लोक ब्लेडने मधोमध कापून मुद्दाम दोन करतात, बबल टिपमध्ये ते जमतं पण, मोठा आणि दणकट असेल तर. मला ब्लेड लावायचा धीर नाही, तो स्वतः होईल तेव्हा होईल.

आणि हे सगळं पुराण मी लावलं ते या शेवटच्या मुद्द्यासाठी, तो तुमच्या लेखात अजिबातच नाही. क्लाउनफिश आता हॅचरीत होतात. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, सीएमएफआरआयने, त्याची पद्धत कधीच बसवली, आपल्या ऐरोलीला पण कांदळवन प्रतिष्ठानची समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. म्हणजे क्लाउन घेताना समुद्रातून मासा न काढता घ्यायची सोय झाली. अ‍ॅनिमोनची तशी नाही. दुकानातले मोठे मोठे कार्पेट आणि सेबे, या त्याच्या दुसऱ्या जाती, बहुतेक समुद्रातून उचललेले असतात, आणि समुद्रात एकेक अ‍ॅनिमोन अनेक दशकं जगतो, पिल्लं सावकाश होतात. आपण एक उचलला की तिथली क्लाउनची जोडी उघड्यावर पडते, आणि इथे तो कोणाच्या तरी पाच आठवड्यांच्या टँकमध्ये तीन आठवड्यांत मरतो. आणि यातली सगळ्यात खुळी गोष्ट म्हणजे हॅचरीतल्या क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतच नाही! अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याने तो पाहिलेला नसतो, माझी एक जोडी दोन वर्षं मातीच्या पणतीत झोपायची. तुमच्या चौकटीतलं 'त्यांच्या घरासाठी सोबत आणा' हे वाक्य म्हणून मला सगळ्यात जास्त खटकलं.

अजून एक, तो तर कायद्याचाच भाग आहे. मुख्य लेखात हार्ड कोरल 'सहज मिळतात' असं लिहिलंय. मिळत असतील, पण रीफ बांधणारी सगळी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, २००१ पासून, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. समुद्री घोडा पण तिथेच. माझ्या टँकमध्ये सिरॅमिकचे दगड आहेत, त्यावर आता जांभळं शैवाल चढून ते खरे वाटतात, पाहुण्यांना फरक कळत नाही. आणि वरळी, हाजीअली, कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला अ‍ॅनिमोन दिसतात ते टँकसाठी खरवडून आणू नका, बघायला जा. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे दाखवतात, मी मुलीला घेऊन गेले होते, फोनच्या टॉर्चमध्ये डबक्यात उघडलेला अ‍ॅनिमोन बघून ती घरच्या टँकला दोन दिवस नावं ठेवत होती.

एका ओळखीच्याने मला विचारलं होतं म्हणून जाता जाता, दगडावर आपोआप उगवणारे छोटे तपकिरी अ‍ॅनिमोन म्हणजे एप्टेशिया, तण आहे ते, खूश होऊन त्याला भरवू नका. खरवडलं की एकाचे दहा होतात. पानाचा चुना दाट कालवून सिरिंजने थेट तोंडात सोडायचा, एका वेळी एक-दोनच, नाहीतर पीएच उडतो. आणि लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात हवाच, आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार तास जातात.

तर संपादक महाराज, माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापा. रोज कोळंबी नको, आणि नवीन टँकवाल्याने अ‍ॅनिमोन घेऊ नये, वर्षभराने घ्यायचाच झाला तर कोणाच्या तरी टँकमध्ये फुटलेलं पिल्लू घ्यावं. पिवळा फोटो बदलला तर फारच छान, माझ्याकडे तपकिरी अ‍ॅनिमोनचे भरपूर आहेत, मुलीने काढलेले, फुकट देईन. आता थांबते, आज बुधवार आहे, करंदी बाहेर काढून ठेवलीये.

तुमची जुनी वाचक,
डोंबिवली (पूर्व)